मृगाच्या डाव्या अंगाला

शैलाआक्का आमच्या घरी पहिल्यांदा आली ती पाण्याच्या टाकीबद्दल तक्रार घेऊन. मी लग्न होऊन निपाणीहून बेळगावच्या अनगोळात आले त्याला तेव्हा चारेक महिने झाले असतील. संध्याकाळची वेळ. सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. दारात एक उंच, काटक बाई येऊन उभी राहिली. पन्नाशीची, केस कानामागं घट्ट बसवलेले, पायात पुरुषी चपला. आत न येताच म्हणाली,

"तुमची गच्चीवरची टाकी दीड हात उगवतीकडं सरकवता येईल काय? मागं ध्रुव अडकलाय."

सासूबाईंना वाटलं, कुणाचं तरी पोर अडकलं. सूप बाजूला ठेवून त्या धडपडत उठल्या. "अगं बाई! कुणाचा गं? कवा अडकला?"

"कुणाचा न्हाय. तारा तो. आपल्याकडं लई खाली असतो की. तुमची टाकी बरोबर आडवी येती."

भरलेली टाकी सरकत नसते, हे सासूबाईंनी तिला जरा रागानंच सांगितलं. तिनं ते ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाली, "बरं. मग मीच सरकतो."

आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात. तिचंही तसंच होतं. आणि ती खरंच सरकली. आमच्या मागच्याच बाजूला तिचं बैठं घर. त्या गच्चीच्या दक्षिणेकडच्या कोपऱ्यात, जिथं मोरीचा पाइप वर येतो आणि दिवसभर वास मारतो, तिथं तिनं आपलं बस्तान हलवलं. तिथून ध्रुव दिसत होता. पुढची कैक वर्षं ती त्या वासात बसली. टाकीचा विषय तिनं पुन्हा काढला नाही.

ती कोर्टासमोर एका वकिलाच्या ऑफिसात टायपिंग करायची. मराठी, कन्नड, इंग्रजी, तिन्हीत हात सारखा चालायचा. लग्न केलेलं नव्हतं. भाऊ सुरेश निपाणीला, बायकामुलांत. इथं घरात ती आणि तिची आई इंदूकाकू. काकूंना अर्धांगवायूचा झटका आलेला, डावी बाजू पूर्ण गेलेली. अंथरुणातल्या माणसाला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. दिवसा एक बाई यायची. रात्री दहा, बारा, दोन, चार या वेळा आक्काच्या.

"मधल्या दोन तासांत झोप लागाची न्हाय," तिनं मला एकदा सांगितलं. "लागली तर उठाया व्हायचं न्हाय. मग वर जाऊन बसाया लागलो. बसून बसून करायचं काय? वर बघितलं."

एवढीच तिच्या छंदाची सुरुवात. गल्लीच्या तोंडाशी एक फोटो स्टुडिओ होता, तो बंद पडला तेव्हा मालकानं जुना कॅमेरा आणि एक लांबट लेन्स तिला जवळजवळ भंगाराच्या भावात देऊन टाकली. उरलेलं ती मोबाईलवर बघून शिकली. ताऱ्यांचा फोटो काढायचा तर कॅमेऱ्यानं ताऱ्यांबरोबर फिरावं लागतं, कारण खाली पृथ्वी फिरत असते. त्यासाठीची यंत्रं महाग. आक्कानं सुताराकडून दोन फळ्या घेतल्या, पुस्तकासारख्या बिजागरीनं जोडल्या, बिजागरीचं टोक ध्रुवाकडं केलं आणि खालच्या फळीतून एक लांब स्क्रू वर आणला. स्क्रूला डब्याचं झाकण चाकासारखं बसवलेलं. ते चाक हातानं मिनिटाला एक फेरा फिरवायचं. तेवढ्यानं वरची फळी पृथ्वीच्या उलट, अगदी तिच्याच गतीनं उघडत जायची. मला हे तिनं समजावून सांगितलं तेव्हा मी सातवीच्या वर्गाला मराठी शिकवत होते आणि पृथ्वी फिरते हे वाक्य मी आयुष्यात शेकडो वेळा म्हटलं होतं. पण कुणाच्या तरी मनगटात ती गोष्ट मी पहिल्यांदाच बघत होते.

तिच्या दुसऱ्या हाताला सुतळी बांधलेली असायची. ती जिन्यातून खाली जाऊन काकूंच्या चांगल्या हाताला पोचायची. काही लागलं तर काकूंनी ओढायचं. काकू बऱ्याचदा काही न लागताही ओढायच्या. आक्का चाक सोडून खाली जायची. "काय आई?" काकू तिच्याकडं बघायच्या, बोलणं अडखळत यायचं, "हायस न्हवं?" आक्का म्हणायची, "हाय की." आणि परत वर. तोवर तारे सरकलेले असायचे. पुन्हा पहिल्यापासून.

शहराच्या उजेडात एका फोटोत काहीच येत नाही. सगळं आभाळ चहाच्या गाळणीसारखं तपकिरी. म्हणून ती तीस-तीस सेकंदांचे शेकडो फोटो काढायची आणि कॉम्प्युटरवर एकावर एक चढवायची.

"एकाएका फोटोत खोटं लई असतं," ती म्हणायची. "पण खोटं दर वेळी वेगळ्या ठिकाणी असतं. खरं एकाच जागी. ढीग घातला की खोटं गळतंय."

काम संपलं की लेन्सला झाकण लावून ती पुन्हा पंचवीस-तीस फोटो काढायची. नुसत्या अंधाराचे. हे कशाला, म्हणून मी विचारलं तर म्हणाली, "कॅमेऱ्याचा आपला सोताचा दोष किती, ते कळाया नको? ते वजा करायचं. न्हायतर आपलाच दोष आभाळाच्या नावावर पडतोय."

तिच्या कॅमेऱ्याची एक गोष्ट आमच्या घरात अजून निघते. कॅमेऱ्याच्या पोटात एक काच असते, ती गडद लाल रंग अडवते. आक्काला हवे होते ते तेजोमेघ, म्हणजे तारे जिथं जन्मतात ते वायूचे ढग, आणि ते नेमके गडद लाल. तिनं खडेबाजारातल्या एका मोबाईल दुरुस्तीवाल्याला गाठून ती काच काढवली. दोन दुपारी त्याच्या टेबलासमोर बसून राहिली, त्याचा हात हलला की हिचा श्वास थांबायचा. त्यानंतर महिन्याभरातच माझ्या मुलीचं बारसं होतं. ठरलेला फोटोग्राफर आयत्या वेळी आला नाही. सासूबाई म्हणाल्या, शैलाकडं मोठा कॅमेरा हाय, तिला बोलवा. ती आली, पण दारातच सांगू लागली, "काकू, ह्यात माणसं बरी येत न्हाईत." सासूबाईंना वाटलं, आढेवेढे घेतेय. तिला ओढून पाळण्यापुढं उभं केलं.

फोटो आले तेव्हा सगळं बारसं गुलाबी. पाळणा गुलाबी, भिंती गुलाबी, सासरे रंगपंचमी खेळून आल्यासारखे. सासूबाईंचा हिरवा शालू तपकिरी झाला होता. फक्त दारातल्या कडुनिंबाची पानं पांढरीशुभ्र, बर्फ पडल्यासारखी. आक्का फोटो द्यायला आली तेव्हा तिचा चेहरा पडलेला होता. "मी सांगिटलोतो की," एवढंच म्हणाली. मग कडुनिंबाच्या फोटोवर बोट ठेवून, जरा वेळानं, "पण हे झाड बघा की."

एवढं सगळं हलकं होतं तोवर बरं होतं. मग गल्लीत नवे पांढरे दिवे आले. एक खांब तिच्या गच्चीच्या बरोबर समोर. दिव्याला वरून टोपी बसवून मिळावी, असा अर्ज तिनं स्वतः कन्नडमध्ये टाइप केला आणि महापालिकेच्या ऑफिसात नेऊन दिला. तिथल्या माणसानं दोनदा वाचला आणि म्हणाला, "आक्का, लाईट द्या म्हणून लोक भांडतात. तुमचा पहिलाच अर्ज असा." तो काही वाईट बोलला नाही, हसला फक्त. आक्का परत आली. काकूंची एक जुनी काळी चंद्रकळा होती, ती तिनं बांबूवर ताणून दिव्याच्या बाजूला आडोसा केला.

आणि तिथं बिघडलं. चंद्र नसेल त्या रात्री तिचं काम चालायचं, म्हणजे अमावास्येच्या आसपास. अमावास्या, गच्चीवर काळं लुगडं, एकटी बाई रात्रभर काहीतरी गरगर फिरवतेय. पलीकडच्या बोळातल्या एका घरात नातवाला ताप येऊन झटके येत होते. कुणीतरी बोललं. मग सगळेच बोलू लागले.

एका रविवारी सकाळी पाच-सहा बायका तिच्या दारात गेल्या. सासूबाईही होत्या, म्हणून मीही होते. आक्का हातात काकूंचं पेजेचं भांडं घेऊन बाहेर आली.

"रात्रीचं वर काय करतीस?" त्या मुलाच्या आजीनं विचारलं.

"फोटो काढतो."

"कशाचे?"

"आभाळाचे."

"अमावास्येलाच बरं?"

आक्का चंद्राच्या उजेडाबद्दल सांगायला लागली. कुणी ऐकत नव्हतं. त्यातली एक माझ्याकडं वळली. "तुमचं घर मागंच हाय की. तू बघितलीस काय गं, मास्तरीणबाई? खरंच फोटो काढती काय?"

मी तिच्या गच्चीवर दहादा तरी गेले होते. तिच्या कॉम्प्युटरवर मृग नक्षत्रातला तेजोमेघ बघून तोंडावर हात ठेवला होता. पण शेजारी सासूबाई उभ्या होत्या, आणि माझी मुलगी दीड वर्षाची होती, आणि मी म्हणाले, "मला काय माहीत. मी लवकर झोपते."

आक्कानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. आपण चुकीच्या घराची कडी वाजवली हे कळल्यावर माणूस बघतं, तसं. मग तिनं दार लोटून घेतलं.

त्या मुलाला पुढं मोठ्या दवाखान्यात नेलं, औषधं लागू पडली, तो आता कॉलेजला जातो. पण आक्काला ते सांगायला कुणी गेलं नाही. काकूंकडं दिवसा बसणारी बाई मात्र त्याच आठवड्यात काम सोडून गेली. दुसरी मिळेना. आक्कानं ऑफिस सोडलं, टायपिंग घरी आणलं. दिवसभर आईच्या उशाशी टकटक, रात्री दोन-दोन तासांचं गच्चीवरचं ते चाक. बाहेर पडणं औषधं-भाजीपुरतं. मी वाट बदलली असं नाही, पण तिच्या दारावरून जाताना माझी पावलं भराभर पडायची. अशी दोनेक वर्षं गेली.

काकू श्रावणात गेल्या. भेटायला गेले तेव्हा ती काकूंच्या रिकाम्या कॉटवर टाइप केलेल्या कागदांच्या चळती लावत होती. मी बसले. मग मी म्हणाले, "आक्का, त्या दिवशी मी…"

"व्हय," ती म्हणाली. "लागलं मला ते. त्या बायकांचं काय न्हाय लागलं. तुझं लागलं."

मला रडू आलं. तिनं रडू दिलं, थांबवलं नाही. नंतर उठून कॉम्प्युटर लावला आणि मला बोलावलं. एका फोल्डरचं नाव नुसतं 'आई' होतं. मला वाटलं काकूंचे फोटो असतील. उघडलं तर ताऱ्यांचे. पण तारे ठिपक्यांसारखे नव्हते, प्रत्येक ताऱ्याला हुकासारखा एक छोटा आकडा फुटलेला, सगळ्यांना एकाच दिशेनं.

"हे बिघडलेले," ती म्हणाली. "मी चाक फिरवत असताना आईनं सुतळी ओढली की हात हिसकायचा. ढिगात चालत न्हाईत हे. टाकाया झालं न्हाय."

साडेतीनशेहून जास्त होते.

कार्तिकातल्या अमावास्येला माझा नवरा अजित आणि मी तिला गाडीत घालून कणकुंबीकडं घेऊन गेलो. आता तिला अडवणारं कुणी नव्हतं, तिनं एकदा खरा अंधार बघावा असं मला वाटत होतं. जंगलाच्या कडेला, रस्त्यापासून आत, अजितनं गाडी थांबवली. दिवे बंद केले आणि वर बघितलं तर मला भीतीच वाटली. आभाळ इतकं भरलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

आक्का बराच वेळ उभी राहिली. तिला हवा होता तो तेजोमेघ मृगाच्या डाव्या अंगाला, गुलाबाच्या फुलासारखा गोल. दोन हिवाळे ती त्याच्या मागं होती आणि अजून त्याचा पत्ता नव्हता. अनगोळातून त्या जागी तीनच तारे दिसायचे, त्यांच्या खुणेनं ती कॅमेरा लावायची. इथं त्या तिघांभोवती शेकड्यांनी तारे. तिनं फळ्या लावल्या, डोळा लावला, पुन्हा लावला.

"सापडत न्हाईत गं माझे," ती म्हणाली. "लई हायत हितं."

मग ती दगडावर बसली. थोड्या थोड्या वेळानं घड्याळ बघत होती. दहा वाजता ती एकदम उठली आणि गाडीच्या दिशेनं चार पावलं चालत गेली. तिथं थांबली. आपण कशाला उठलो ते तिलाही कळलं आणि मलाही. अजितनं विचारलं, काय झालं आक्का? ती म्हणाली, "काय न्हाय. घरी जाऊया."

घर विकायचं ठरत होतं. सुरेश वाईट माणूस नव्हता. त्याच्या दोन मुलींची शिक्षणं होती, आणि बहिणीनं एकटं तिथं राहावं हे त्याला खरंच पटत नव्हतं. "आमच्याकडं ये, वरची खोली तुझी," तो म्हणाला. आक्कानं एकच अट घातली.

"मृग मावळाया लागेपर्यंत थांब."

"आक्का, महिना सांग की."

"माघ संपेपर्यंत."

त्यानं मान्य केलं. पण त्या हिवाळ्यात समुद्रात कुठंतरी वादळ झालं आणि ऐन थंडीत आठवडेच्या आठवडे ढग बसले. आक्का संध्याकाळी वर जायची, बघायची, खाली यायची. सगळ्या मोसमात नऊ रात्री मिळाल्या. त्यातल्या सहा रात्री मी तिच्याबरोबर होते. पौष अमावास्येला मी सगळ्या गल्लीदेखत, सासूबाईंना सांगून, स्वेटर घालून तिच्या घरात शिरले आणि गच्चीवर जाऊन बसले. समोरच्या खिडकीचा पडदा हलला. हलू दे म्हटलं. चाक मी फिरवलं, सेकंद ती मोजत होती. मध्ये एकदा ती म्हणाली, "जोरात नको. पृथ्वी घाईत नसती."

माघात एका दुपारी तिनं हाक मारली. खोलीचे पडदे ओढलेले. तिन्ही हिवाळ्यांचे सगळे फोटो एकावर एक चढवून झाले होते. कॉम्प्युटरच्या पडद्यावर नुसता राखाडी चौकोन. ती हळूहळू त्यातला उजेड ताणत गेली. तपकिरी झाला, मग जांभळट. आणि मग मधोमध एक कडं. अंगठ्यानं पुसलेल्या कुंकवासारखं, मळकं लाल, एका बाजूला तुटलेलं. आत तारे.

मला वाटलं ती हसेल, नाहीतर रडेल. ती खुर्चीत मागं टेकून बघत राहिली.

"म्हणजे खरंच हाय तिथं," ती म्हणाली. थोड्या वेळानं उठली. "चहा ठेवतो."

तो फोटो मोठा करून, चौकट घालून मी आमच्या बैठकीच्या खोलीत लावला. तिला दुसरी प्रत देऊ केली तर म्हणाली, "मला कशाला? मला म्हाईत हाय." पाहुणे विचारतात, हे काय? तेव्हा सासूबाई सांगतात, "आमच्या मागच्या शैलाचं काम ते. पृथ्वी फिरती म्हणून ती उलटं फिरवत बसायची." सांगताना त्यांचा आवाज जरा चढतो. त्या रविवारची आठवण त्यांनी कधी काढली नाही.

फाल्गुनात टेम्पो आला आणि ती निपाणीला गेली. तिच्या घराच्या जागी आता चार मजले उभे राहिलेत. मोबाईलवर ती क्वचित बोलायची. भावाच्या घराजवळ हमरस्ता, हॉटेलांच्या पाट्या रात्रभर लाल-निळ्या. वरच्या खोलीला खिडकी आहे, पण ती त्या पाटीकडंच उघडते, असं एकदा म्हणाली. वहिनी चांगली आहे, म्हणाली. जेवायला वेळेवर मिळतं. मी विचारलं, करमतं का? ती म्हणाली, "ती पाटी रात्रीची बंदच करत न्हाईत गं."

त्यानंतरच्या हिवाळ्यात मी माहेरी गेले होते. परत यायला निपाणीच्या स्टँडवर संध्याकाळी बेळगावच्या गाडीची वाट बघत होते, तर पलीकडच्या फलाटावर ती. डोक्याला मफलर, पाठीला सॅक, आणि चादरीत गुंडाळलेल्या फळ्या छातीशी धरलेल्या. मी धावतच गेले.

"आक्का! कुठं?"

"आजऱ्याकडं. तिथनं पुढं एक खेडं हाय. सुरेशच्या ओळखीचे मास्तर हायत एक, शाळेची गच्ची देतो म्हणालेत. चार दिवस."

"एकटीच?"

"एकटीच की."

मला कणकुंबी आठवली. ते माझ्या तोंडावर दिसलं असणार.

"तवा जमलं न्हाय," ती म्हणाली. "लई असलं की डोळे फुटतात. पण शिकाया पाहिजे. मोबाईलवर नकाशा घेतलोय, रोज थोडा थोडा पाठ करतो." आणि मग, जणू हेच मुख्य, "तिथं हॉटेल न्हाय एकबी."

गाडी लागली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, ते लाकडाचं मागं टाका." ती म्हणाली, "न्हाय. बिजागरी हलती." आणि पुढच्याच बाकावर बसून तिनं ते बोचकं दोन्ही गुडघ्यांत उभं धरलं. माझ्याशी आणखी काही बोलायचं होतं की नाही कळलं नाही. मी खिडकीपाशी गेले, हात वर केला. तिचं लक्ष नव्हतं. शेजारी बसलेल्या बाईला ती काहीतरी विचारत होती, बहुतेक थांबा कुठला, किती वेळ लागतो. बाईनं हात लांब करून पुढची दिशा दाखवली.

गाडी स्टँडाबाहेर वळली तेव्हा ती समोरच्या काचेतून रस्त्याकडं बघत होती, आयुष्यात पहिल्यांदाच गावाला निघालेल्या माणसासारखी.